डावऱ्या हाताची आखणी

पेणजवळच्या, गणपती घडवणाऱ्या हमरापुरात नाथाकडे लोकांचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्याच्या डाव्या हातामुळे. श्रावण निम्मा उलटला होता, कान्हूशेठच्या कारखान्यात दीडशे गणपती डोळ्यांवाचून उभे होते आणि नेहमीचा आखणीवाला काविळीने अंथरुणाला खिळला होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. सोंडेला रंग द्यायला, पितांबर पिवळा करायला कुणालाही शिकवता येतं. आखणी मात्र शिकवून येत नाही, असं तिथे मानतात. अठरा वर्षांचा नाथा तोवर फक्त मुकुटांना सोनेरी लावायचा. कान्हूशेठने वैतागून त्यालाच म्हटलं, "बघ रे, तुला जमतंय का."

नाथाने कुंचला उचलला तो डाव्या हातात. मखरांना कागद चिकटवणाऱ्या बायकांचे हात थांबले. एक म्हातारी म्हणाली, "अरे, देवाचं डोळं हायत. डाव्या हातानं?"

नाथा क्षणभर अडखळला. मग वाण देताना बायका एका हाताला दुसरा हात लावतात ना, तशी त्याने उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटाला टेकवली आणि तसाच हात धरून दोन्ही डोळे आखले. कान्हूशेठ उठला. मूर्तीची नजर आपल्यामागे येते का ते बघत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.

"बघतोय," तो म्हणाला, आणि पुढची मूर्ती स्वतः उचलून नाथासमोर ठेवली.

तेव्हापासून चाळीस वर्षं त्या कारखान्याच्या मूर्तींना नाथानेच डोळे दिले. मनगटाला बोटं लावायची सवयही राहिली आणि आणखी एक. बाकीचे आखणीवाले उजव्या डोळ्यापासून सुरू करतात, नाथा डाव्यापासून. कुंचला पहिल्या डोळ्याला भरलेला असतो, म्हणून तो डोळा केसभर मोठा उतरायचा. त्यामुळे नाथाचा गणपती मान जराशी कलती करून, 'काय गो, बरी हायस ना?' असं विचारल्यासारखा बघायचा. पेणच्या बाजारात जाणती गिऱ्हाइकं दुरून ओळखायची. "हे डावऱ्याचे डोळे," म्हणायची.

मालू लग्न होऊन आली ती खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातून. पांढऱ्या मिठावरचं ऊन बघत वाढल्यामुळे ती सतत डोळे बारीक करून बघायची. पहिल्या वर्षी ती कारखान्यात डबा घेऊन आली तेव्हा कान्हूशेठने गमतीने विचारलं, "काय गो सूनबाई, नवरा बरा आखतो का?" मालू मूर्तीसमोरून हळूहळू चालत गेली. मग म्हणाली, "नाय बघत. झोपलाय."

सगळे हसले. नाथाने पुन्हा निरखून पाहिलं, ओल्या फडक्याने डोळे पुसले आणि दुसऱ्यांदा आखले. मालू पुन्हा चालली. "आता बघतोय," म्हणाली. पुढे ती रीतच पडली. दरवर्षीची पहिली मूर्ती मालूच्या नजरेखालून गेल्याशिवाय फळीवर चढायची नाही. कान्हूशेठ गेला, त्याचा मुलगा धनेश मालक झाला, अंगाचे रंग फवाऱ्याने उडवायला लागले. पण डोळे नाथाचे आणि पारख मालूची, यात बदल झाला नाही.

मालूच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला तो मुलगी ऋतुजा लग्न होऊन कोलाडला गेल्यानंतर. पेणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "गेलेली नजर येणार नाही. पण सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला हे थेंब जन्मभर घातले, तर असलेली राहील." थेंब नाथा घालायचा. मालूला खुर्चीत बसवून, मान मागे करायला लावून, डाव्या हातात बाटली धरून. इथेही डावा डोळा आधी.

एकदा दिवाळीनंतर, कारखाना रिकामा असताना, हर्षद नावाचे एक गृहस्थ टेम्पोत घालून हातभर उंचीचा सिमेंटचा गणपती घेऊन आले. मुद्दामच ओबडधोबड ठेवलेला, मातीतून उकरून काढल्यासारखा. फार्महाऊसच्या बागेत बसवायचाय म्हणाले. शेंदूर आम्ही लावू, डोळे तेवढे तुम्ही करा.

"एक करा," हर्षद म्हणाले. "आत्ताच उघडलेत असे दिसले पाहिजेत."

नाथा काम करत होता तोवर ते शेजारी उभे राहून बघत होते. खरखरीत सिमेंटला लागून डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात कुंचला अडला आणि रेघ थरथरली. पुसायला गेलं तर सिमेंटने रंग पिऊन टाकलेला. मग नाथाने त्या थरथरीची पापणीची एक बारीकशी घडी करून टाकली. हर्षदना ती फार आवडली. "वा, जिवंत वाटतो," म्हणाले. नाथालाही बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं?

वर्षभराने, माघात, रोह्यापलीकडच्या एका माळावर गणपती प्रगटल्याची बातमी आली. विहीर खणताना पहार लागली, माती बाजूला केली, तर आत देव, आणि देवाचे डोळे टक्क उघडे. आधी पत्र्याची शेड झाली, मग सभामंडप, मग नेत्रगणेश सेवा संस्थान अशी रीतसर नोंदणी. डोळ्यांचे आजार तिथे बरे होतात असं लोक सांगू लागले. मालूच्या कानावरही ते आलंच.

पेणहून रोह्याच्या गाडीने दोघं गेले. दोन तास रांग होती. कर्ण्यातून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं : "हे डोळे कुणा माणसाच्या हातचे नाहीत. देवाने स्वतः उघडलेले डोळे आहेत." चांदीच्या कठड्यापलीकडे शेंदराने माखलेली मूर्ती होती. नाथाने वर पाहिलं आणि त्याचा हात आपोआप मनगटावर गेला. डावा डोळा केसभर मोठा. कोपऱ्यात पापणीची घडी.

मालू कठडा धरून उभी होती. तिला आता धूसर दिसायचं, पण मूर्तीचे डोळे मोठे होते आणि वर दिव्यांचा झोत. रांगेतले लोक मागून ढकलत असतानाही ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली.

"अवो," ती नाथाचा शर्ट ओढत म्हणाली, "बघतोय. अगदी ओळखीच्यासारखा बघतोय माझ्याकडे. तुमाला नाय वाटत?"

तिचा चेहरा इतका उजळला होता, की नाथा म्हणाला, "वाटतं."

एवढंच. त्या एका शब्दापाशी पुढे तो किती वेळा परत गेला असेल. त्याने स्वतःची समजूत घातली ती अशी : आपण चाळीस वर्षं माणसाच्या हाताने देव करतो. लोक त्यांच्यापुढे हात जोडतात आणि आपणही जोडतो. मग हा एक सिमेंटचा असला म्हणून काय झालं? देव कुणी केला यावर देवपण ठरत असतं, तर हमरापुरात एकही देव उरला नसता.

पण संस्थानचं एवढ्यावर भागत नव्हतं. एकवीस संकष्ट्यांचं व्रत होतं, आणि व्रत धरताना औषध सोडावं लागे. मूर्तीसमोर संस्थानचं नाव कोरलेलं मोठं पितळी घंगाळ होतं, त्यात लोक आपल्या थेंबांच्या बाटल्या टाकत. घरी नेऊन घालायला तीर्थ मिळे. मालूने पिशवीतून बाटली काढली.

"ती असू दे गो," नाथा म्हणाला. "व्रत कर. थेंब पण चालू राहू देत."

"अर्धा विश्वास चालत नाय, पुजाऱ्यानी सांगितलंय," मालू म्हणाली आणि बाटली घंगाळात सोडली. बाटल्यांवर बाटली पडल्याचा लहानसा आवाज झाला.

खुर्ची तीच राहिली, सकाळ-संध्याकाळचे आठही तेच. नाथा आता तिच्या डोळ्यांत तीर्थ घालू लागला. दर वेळी एक वाक्य त्याच्या ओठांपर्यंत येई आणि मालू मान मागे टाकून इतक्या शांतपणे बसलेली असे, की ते तिथूनच परत जाई. आणखी एक संकष्टी जाऊ दे, मग सांगू, असं करता करता सोळा गेल्या.

सतराव्या संकष्टीला दोघं अंगणात चंद्राची वाट बघत उभे होते. चंद्र दिसल्यावाचून उपास सोडता येत नाही. नारळीच्या वर तो केव्हाच आला होता, थाळीएवढा स्वच्छ.

"आज ढग हायत काय?" मालूने विचारलं.

नाथाने आभाळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"व्हय," तो म्हणाला. "ढग हायत. पण वेळ झालीय. जेव तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. उजवा डोळा गेलेला होता. डाव्यात उजेड आणि सावली एवढं उरलं होतं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "थेंब कधी बंद केलेत?" आणि उत्तर ऐकून बराच वेळ कागदावर लिहीत राहिले.

मालू रडली नाही. तिने संस्थानला दोष दिला नाही, देवाला तर नाहीच. घरी आल्यावर म्हणाली, "माझ्याच व्रतात काय तरी खोट राहिली. आठव्या संकष्टीला चुकून मिठाचं ताक प्यायले होते." पुढे कित्येक दिवस ती कामं करता करता आपली चूक शोधत असे. ताक, की विटाळ, की कुणाला काही बोलले होते? नाथा त्याच घरात, पाच हातांवर, तांदूळ निवडत बसलेला असे. घरात दोन माणसं होती आणि बोलणं तसं रोजचं होतं, पण त्या दिवसांपासून नाथाला आपण एकटेच राहतो असं वाटायला लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात पेणच्या वकील सुरभी मॅडम घरी आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, खांद्याला मोठी कापडी पिशवी. नागोठण्याच्या सगुणाबाई म्हणून एक होत्या, त्यांच्या नवऱ्याची नजर अशाच व्रतात गेली होती आणि त्यांनी फसवणुकीची फिर्याद दिली होती. व्रत धरलेल्या इतरांनाही भेटून मॅडम फिर्यादीवर त्यांच्या सह्या घेत होत्या.

"देवाच्या विरुद्ध सही?" मालू म्हणाली. "नाय गो पोरी. मला नको सांगूस ते."

"देवावर खटला नाही, मावशी. तो भरता येत नाही आणि मला भरायचाही नाही. कुणी कशावर विश्वास ठेवावा, त्यात कोर्ट पडत नाही. पण एखादी गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असून ती खरी म्हणून सांगायची आणि त्यावर माणसाला त्याचं औषध सोडायला लावायचं, ही फसवणूक. ती कंपनीने केली काय आणि देवस्थानाने केली काय."

"मग धरा की त्यांना," नाथा म्हणाला. त्याचा चहा तसाच होता.

"अडचण तिथेच आहे, काका. संस्थान म्हणतं, औषध सोडा असं पुजारी बोलला, आम्ही नाही. पुजारी पगारी होता, तो कधीच निघून गेला. आणि डोळे आपोआप उघडले ही आमची प्रामाणिक श्रद्धा आहे, म्हणतात. संस्थेलाच जबाबदार धरायचं, तर संस्था चालवणाऱ्यांना पहिल्यापासून खरं माहीत होतं हे दाखवावं लागेल. ते सांगणारं कुणी नाही."

मॅडम निघाल्या. नाथा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला. रिक्षाची वाट बघताना त्याने सांगायला सुरुवात केली : टेम्पो, सिमेंट, शेजारी उभे राहिलेले हर्षद, पापणीची घडी. हर्षद आता संस्थानचे अध्यक्ष होते. मॅडमनी रिक्षा सोडून दिली. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "मावशींना माहीत आहे?"

"नाय."

"कोर्टात ते तुम्हाला विचारतील, की ओळखलंत तेव्हा का बोलला नाहीत. तेव्हा मावशींनी हे आधी तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं."

धनेशच्या कानावर गोष्ट कशी गेली कुणास ठाऊक. संस्थान दरवर्षी त्याच्याकडून दोन हजार लहान मूर्ती घ्यायचं. तो संध्याकाळी घरी आला, अंगणातच उभा राहिला.

"काय रे डावऱ्या, साक्षीला जातोस म्हणे. उद्या लोक विचारतील, हमरापूरवाले पण देवच बनवतात. मग ते पण फसवतातच ना? काय सांगशील?"

नाथाने त्याला बसायला चटई पसरली.

"बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं, तेवढा विचार कर," म्हणून धनेश गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मालू खुर्चीत बसली. उरलेल्या डोळ्यासाठी खरे थेंब पुन्हा सुरू झाले होते. थेंब घालून झाल्यावर ती नेहमीप्रमाणे डोळे मिटून राहिली, आणि त्या दोन-तीन मिनिटांत नाथाने सांगून टाकलं. तिचे डोळे मिटलेले असताना सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. तसं ते गेलं नाही.

मालूने डोळे उघडले नाहीत.

"पहिल्या दिवशीच वळखलंत?"

"व्हय."

"मी इचारलं होतं तुमाला. ओळखीचा वाटतो का म्हणून."

"व्हय."

"तुमचे डोळे म्हणून ओळखीचे वाटले मला. आनि मी ताकाचा दोष काढीत बसले." बाहेर मासळीवालीची हाक येऊन गेली. मग तिने विचारलं, "आनि ते ढग?"

नाथाला खोटं बोलता आलं असतं. ती कधीच तपासून बघू शकली नसती.

"नव्हते," तो म्हणाला. "आभाळ मोकळं होतं."

थेंबाचं पाणी गालावर आलं होतं ते मालूने पदराने टिपलं. "त्या वकीलबाईला बोलवा," म्हणाली. "सही करते मी. आनि ऋतुजाला फोन लावा, मला न्यायला ये म्हणावं."

ऋतुजा रिक्षा घेऊन आली, आईचे कपडे भरले आणि वडिलांशी बोलली ते निघताना, दारात. "संस्थानचं सोडा, बाबा. त्यांची ती कुणी नव्हती. तुमची बायको होती."

साक्षीची तारीख रोह्याच्या कोर्टात यंदा पडली. मधल्या काळात धनेशने एकदाही कामाला बोलावलं नाही. डोळे आता साचा ठेवून फवाऱ्याने उडवतात. संस्थानच्या वकिलांनी नाथाला पुष्कळ विचारलं. ते अंगावर ओरडणारे नव्हते, मऊ बोलायचे.

"तुम्ही आजवर किती मूर्तींचे डोळे आखलेत?"

"मोजलं नाय."

"हजारो. लोक त्यांना देव मानतात. त्यांचे डोळे तुम्ही आखलेत म्हणून ते खोटे देव झाले का?"

"नाय."

"मग हाच एक खोटा कसा?"

नाथाची उजवी बोटं डाव्या मनगटावर गेली. धनेशला द्यायचं राहिलेलं उत्तर त्याला आता सापडलं. "साहेब, आमच्याकडं कुणी इचारलं, हा गणपती कुणी केला, तर आमी नाव सांगतो. कुणी केलाच नाय, असं आमी सांगत नाय. आनि आमच्या गणपतीसमोर कुणाला औषध टाकायला लावीत नाय."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले.

"ओळखलंत त्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात," वकील म्हणाले. "म्हणजे तुमच्या पत्नीला तुम्हीही फसवलंत."

मागच्या बाकावर मालू ऋतुजाच्या खांद्याला धरून बसलेली होती. आवाज येतो तिकडे तिने मान कलती केली होती.

"व्हय," नाथा म्हणाला. "ते पण लिहा."

साक्ष झाल्यावर तो बाहेर आला तेव्हा त्या दोघी कोलाडच्या एसटीत बसून गेल्या होत्या. स्टेशनवर त्याने गाडीची वाट बघत वडापाव घेतला आणि अर्धा पिशवीत ठेवला. दोन माणसांचा हिशेब हाताला अजून होता.

खटला चालू आहे. संस्थेला संस्था म्हणून दोषी धरता येतं की दोष एकट्यादुकट्या माणसांचा, यावर युक्तिवाद व्हायचाय. माळावरच्या रांगा थोड्या कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत. घंगाळ उचललं आहे आणि त्या जागी 'डॉक्टरांचे उपचार चालू ठेवावेत' अशी बारीक अक्षरांची पाटी आली आहे. कर्ण्यातलं ते वाक्य आता वाजत नाही. मूर्तीचे डोळे तेच आहेत.

नाथा पेण तालुक्यातल्या शाळांच्या भिंती रंगवतो. पाढे, नकाशे, फळांची चित्रं. पोपट काढला की त्याचा डावा डोळा आधी काढतो. मग मागे सरून भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतःच चालून बघतो.

मालू कोलाडला लेकीकडे असते. डाव्या डोळ्यात उजेड-सावली अजून टिकून आहे. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला नाथा तिथे फोन लावतो. फोन नात किमया उचलते. "घातले," म्हणते, आणि ठेवते.